डावा पीळ

सोलापूर,
३ मार्च २०२५

चि. ईरम्मा हिस,

फोन असताना अक्काने पत्र का पाठवले, असा प्रश्न तुला पडेल, म्हणून उत्तर आधीच देते. फोन माझ्याकडे नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो शेजारणीच्या कपाटात कुलूपबंद आहे आणि किल्ली मागितली तरी देऊ नये, असे मीच तिला बजावले आहे.

गेल्या महिन्यात मला एक वाईट सवय जडली. रानात कोठे आग लागली, की उपग्रहाला ती दिसते आणि एका संकेतस्थळावरील नकाशावर लाल ठिपका उमटतो. तुमच्या माळाचा नकाशा मी दर अर्ध्या तासाने उघडत असे. ठिपका दिसला, की छातीत धडधड. नाहीसा झाला, की तो विझला की नुसता दिसेनासा झाला, ही शंका. रक्तदाब एकशे ऐंशीवर गेला. डॉक्टर तरुण आहेत आणि बोलताना पेनाचे टोपण चावतात. पण निदान त्यांनी अचूक केले. म्हणाले, “मॅडम, वणव्याचा हंगाम मे अखेरपर्यंत आहे. तोवर तुमच्या हातांना दुसरं काम द्या.”

माझा जीव त्या माळात का अडकला आहे, हे तुला ठाऊक आहे. तरीही एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहावे लागणार नाही. माझी एकुलती मुलगी विद्यापीठात पहिली आली, परदेशची शिष्यवृत्ती तिने नाकारली आणि ती तुमच्या माळावर वनरक्षक झाली. “गवत राखण्यासाठी मी तुला शिकवले नाही,” असे मी म्हणाले. तिने बॅग उचलली. या गोष्टीला दोन वर्षे झाली. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी एक शब्दही बोललेलो नाही. तिचे नाव तुझ्या पत्रांत येता कामा नये. ही माझी अट आहे.

आता कामाचे. गेल्या वर्षी अक्कलकोटच्या लग्नात सगळे पंगतीसाठी धावत असताना तू मांडवाच्या कडेला बसून टकळीवर लोकर कातत होतीस. तुझा चेहरा इतका निवांत होता, की मला हेवा वाटला आणि थोडा रागही आला. बत्तीस वर्षे मी महाविद्यालयात वस्त्ररसायन शिकवले. तंतूची लांबी, पीळ, ताण यांची सूत्रे मला तोंडपाठ आहेत. हाताने मात्र एक वीतही सूत काढलेले नाही. मला लोकर आणि टकळी पाठव. लोकर नीट धुतलेली असावी, काटे आणि लेंड्या नसाव्यात. कातलेल्या सुताचा एक गुंडा नमुन्यासाठी सोबत दे, म्हणजे मला मोजून पाहता येईल.

तुझी,
हेमावती अक्का


कूडलवस्ती, ता. अक्कलकोट,
९ मार्च

अक्काला ईरम्माचा शरणार्थ.

तुझं पत्र आलं. माझी शाळा चौथीपतूर, त्यात निम्मी कानडी, आणि अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय. सांभाळून घे. लाल शाईनं खुणा करून परत पाठवू नको.

दुधाचा टेम्पो चालवणारा पीरसाब रोज पहाटं सोलापूरला येतो, त्याच्याकडं बोचकं दिलंय. सिद्धलिंगप्पा मेंढपाळाच्या काळ्या मेंढ्यांची लोकर हाय. धुतलीया, पण लई न्हाई. लई धुतली की तिच्यातलं त्याल जातं आणि सूत तुटतं. लेंड्या मी येचून काढल्या. एखादी ऱ्हायली आसंल तर ती तुझ्या नशिबाची.

पिंजून, बोटाएवढ्या वळ्या वळून पेळू करून दिल्यात. एक पेळू डाव्या हातात हलकं धरायचा, जसं कोंबडीचं पिल्लू धरतीस. घट्ट धरलं तर मरतं, सैल धरलं तर पळतं. मग टकळीला गिरकी द्यायची आणि सोडायचं. सोडायचं, अक्का. तुला त्येच जमणार न्हाई, म्हून दोनदा लिवलं.

नमुन्याचा गुंडा बी घातलाय.

माळावर शनवारी वरचा कोपरा जळाला. कुणी बिडी टाकली म्हणत्यात. तिनसांजेपतूर इझली. आग फुडं जाऊ नये म्हून गवत आधीच कापून जाळून मोकळा पट्टा ठेवत्यात, त्याला जाळरेषा म्हणत्यात. ती औंदा चांगली रुंद केलीया. कुणी केली ते मी लिवत न्हाई. तुझी अट हाय की!

ईरम्मा


सोलापूर,
१९ मार्च

चि. ईरम्मा हिस,

बोचके पोचले. तुझा पीरसाब जिना चढून आला आणि दारातच म्हणाला, “बाईसाब, अम्मा पूरी मेंढीच भर के भेजे क्या? मेरी गाडी में दूध कम, मेंढी की बास ज्यादा.” मी त्याला चहा विचारला नाही.

लेंड्या तीन निघाल्या.

पहिले चार दिवस सूत तुटत राहिले. प्रत्येक वेळी मी कारण शोधून वहीत नोंदवत होते: ताण अधिक, पीळ कमी, तंतू आखूड. पाचव्या दिवशी दुपारी वही हाताशी नव्हती. खाली नवी पेठेत रिक्षांचे भोंगे वाजत होते, कोणी कापडाचा ताका आपटत होते. मी टकळीला गिरकी दिली आणि सूत तुटले नाही. टकळी फरशीजवळ जाऊन गरगरत राहिली. बोटांतून लोकर अशी वाहू लागली, की मी तिला ओढते आहे की ती मला, हे कळेना. उन्हाच्या तिरिपेत काळे तंतू तरंगत होते. मग भोंगे दूर गेले. मला वाटले, मी तुमच्या माळावर उभी आहे. गवत कमरेइतके आणि पिवळे. वारा त्यातून चालत येतो आहे, पावले न वाजवता. आणि क्षितिजापर्यंत कोठेही लाल ठिपका नाही. भानावर आले, तेव्हा शेजारणीच्या देवघरात दिवा लागला होता. सव्वादोन तास मला नकाशाची आठवणही झाली नव्हती.

याबद्दल मी तुझी ऋणी आहे. पण ऋण मानले, म्हणून चूक पोटात घालणे मला जमणार नाही. तू पाठवलेल्या गुंड्याचा पीळ उलटा आहे. टकळी उजवीकडे फिरवली, की सुताला उजवा पीळ बसतो. तुझे सूत डाव्या पिळाचे आहे. काल मी माझा एक पदर आणि तुझा एक पदर घेऊन दुपदरी सूत पिळायला बसले. डावीकडे पिळावे, तर माझा पीळ सुटतो आणि तुझे सूत गाठाळून वर येते; उजवीकडे पिळावे, तर याच्या नेमके उलट. दोन पदरांचा पीळ एकाच दिशेचा असेल, तरच ते एकमेकांना धरून राहतात. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीने हा प्रमाद केला असता, तर मी तिला प्रयोगशाळेबाहेर उभे केले असते. तुझ्या हातून हे व्हावे, याचे नवल वाटते.

उजव्या पिळाचे सूत पाठव. मला हातमोजे विणायचे आहेत, मोठ्या मापाचे आणि लांब मनगटाचे. नायलॉन आगीत वितळते आणि कातडीला चिकटते. लोकर नुसती काळवंडते आणि विझते. बत्तीस वर्षे हे मी फळ्यावर लिहिले. परवा स्वयंपाकघरात लोकरीचा एक धागा काडीच्या ज्योतीवर धरून प्रथमच डोळ्यांनी पाहिले. खरोखरच विझला.

हातमोजे कोणासाठी, हे विचारू नकोस.

हेमावती


कूडलवस्ती,
२६ मार्च

अक्काला शरणार्थ.

इच्यारत न्हाई.

दोन गुंडं पाठवलीत. मोठा गुंडा तुला पायजे तसा, सुलट पिळाचा. बारका गुंडा उलट्या पिळाचा. ते बी सूतच हाय की. ठिवून दे. फेकू मातर नको, तुला माज्या गळ्याची आण हाय.

आमच्याकडं ऊन लई वाढलंय. माळावरचं गवत आता हाताला लावलं की कुरकुरतंय. सांजच्याला आमी वसरीवर बसून कातत आसतो. आमी म्हंजे मी आणि शेळी. कातता कातता कुणी बोलत न्हाई. समोर माळ, त्यावर उतरतं ऊन, आणि टकळीचा आवाज, न्हवं, टकळीला आवाजच नसतो, तरी कानाला गोड लागतं ते काय आसतं मग? तूच सांग, तू शिकलेली.

परवा पाणवठ्याकडं पुन्ना पेटलं. हिरव्या फांद्यांनी झोडून झोडून इझवलं. झोडणाराच्या तळहाताला फोड येत्यात. मी आपली सांगते. नाव घेतलं न्हाई.

ईरम्मा


सोलापूर,
८ एप्रिल

चि. ईरम्मा हिस,

टकळीच्या आवाजाविषयी तू विचारलेस. मला उत्तर ठाऊक नाही. अलीकडे असे वारंवार होते आणि पूर्वीइतके खटकत नाही.

दुपारी जेवण झाले, की खिडकीची एक फळी ओढून घेते आणि कातायला बसते. हल्ली जाग आणि झोप यांच्यामधला उंबरठा मला दिसू लागला आहे. मी त्याच्यावर बसून राहते. एका दुपारी माझे सूत खिडकीतून बाहेर गेले, नवी पेठेवरून, स्टेशनवरून, ज्वारीच्या कापलेल्या रानांवरून. त्याचे दुसरे टोक कोणीतरी धरले होते आणि तिकडून हलकेच ओढत होते. मी इकडून ढील देत होते. ओढणाऱ्याचा चेहरा दिसला नाही. काल एक लहान हात दिसला, पाटीजवळ टेकलेला आणि रिबिनीने मांडीशी बांधलेला. ती रिबीन कोणी बांधली, हे स्वप्नात कळले नाही. रंगही आठवत नाही.

असो. हातमोज्यांची हकिकत अशी. डावा आधी विणायला घेतला. का, ते सांगता येणार नाही. तो चार वेळा विणला आणि चार वेळा उसवला. प्रत्येक वेळी अंगठा दोन टाके बाहेरच्या बाजूला जातो. घालणाऱ्याला ते जाणवणारही नाही, असे शेजारीण म्हणते. पण शेजारीण पोळपाटावरची पोळीही गोल लाटत नाही.

तुझा उलट्या पिळाचा दुसरा गुंडा मिळाला. आण घातलीस, म्हणून टेबलाच्या खणात ठेवला आहे. मी यावर विचार केला. पन्नास वर्षे कातणारी बाई एकाएकी उलटी गिरकी देऊ लागते, याचा अर्थ दृष्टी क्षीण झाली आहे आणि टकळी कोणत्या बाजूला फिरते, ते तुला दिसत नाही. मोतीबिंदू असावा. सोलापुरात माझ्या ओळखीचे नेत्रतज्ज्ञ आहेत. संकोच न करता ये.

फोन अद्याप कुलपातच आहे. दोनदा किल्ली मागितली. शेजारणीने दिली नाही. पोळ्यांबद्दल लिहिले, ते मागे घेते.

हेमावती


कूडलवस्ती,
१२ एप्रिल

अक्का,

माझं डोळं धड हायत. मेंढीच्या लोकरीतली ऊ मला दहा हातांवरनं दिसती.

हातमोजं पाठव.

अंगठा वाकडा आसला तरी पाठव. वारं फिरलंय. सिद्धलिंगप्पा म्हणतोय, आसं कोरडं वारं त्यानं धा-बारा वरसांत बघितलं न्हाई. माळावर आता दिवसाआड पेटतंय. फांदी धरून धरून तळहात सोलून निघालेत. बाजारातनं निळं नायलानचं हातमोजं आणल्यात, स्वस्तातलं. तू लिवलं होतंस नायलान चिकटतं म्हून. मी सांगितलं, पर दुसरं हाय काय हाताशी?

उद्या पीरसाब येतो. त्याच्याकडं दे. साकु आता तुजं उसवणं. साकु म्हंजे पुरे, तुला कानडी येत आसून बी सांगते.

ईरम्मा


सोलापूर,
१३ एप्रिल

चि. ईरम्मा हिस,

पीरसाब खाली उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

अपुरी वस्तू माझ्या हातून कधी बाहेर गेलेली नाही. ही वस्तू तर मुळीच जाणार नाही. ज्या हातांसाठी ती आहे, त्या हातांची मालकीण माझ्या प्रत्येक गोष्टीतली चूक पाहत मोठी झाली आहे, जशी मी तिच्यातली. दोन वर्षांनी माझ्याकडून तिला जाणारी पहिली गोष्ट वाकड्या अंगठ्याची असावी, हे मला सोसणार नाही.

काल पाचव्यांदा उसवला. आठ दिवस दे. फक्त आठ.

हेमावती


कूडलवस्ती,
२४ एप्रिल

अक्का,

आधी ह्ये वाच: ती धड हाय. बसून घे आणि मग फुडलं वाच.

आता तुजी अट मोडते. महेश्वरीचा डावा हात भाजलाय.

इतवारी दुपारी कुणीतरी बांध पेटवला. वारं आलं आणि आग जाळरेषा उडून अल्याड पडली. सिद्धलिंगप्पाच्या मेंढ्या रानात होत्या, पर कोकरं वाडग्यात कोंडलेली, चाळीसभर. वाडग्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण, त्येच पेटलं. महेश्वरी आत घुसली. दारावरची जळती काटी हातानं वढून बाजूला केली आणि कोकरं हाकलली. एक बी मेलं न्हाई. पर त्यो निळा हातमोजा वितळून तळहाताला चिकटला. अक्कलकोटला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, बोटं हालत्यात, म्हैनाभरात बरं हुईल, वण ऱ्हाईल.

आता बाकीचं. ती गेल्या थंडीपासनं माझ्याच घरी ऱ्हाती. मी तुला सांगितलं न्हाई, कारण तू म्हणलीस नाव घेऊ नको. आणि ती म्हणली, “मावशी, माझं नाव काढू नको. नायतर आई सूत परत पाठवंल.” दोगींनी माजं त्वांड दोनी बाजूंनी शिवलं. वसरीवर माझ्यासंगं शेळी कातत न्हवती, अक्का.

उलटा पीळ माझा न्हवं. मी तिला टकळी शिकवली तशी तिनं डाव्या हातात धरली आणि गिरकी दिली. डाव्या हातानं दिली की टकळी डावीकडंच फिरती. मी काय म्हणू? सूत सुरेख येत हुतं. नमुन्याचा गुंडा तिनंच कातला आणि बोचक्यात बी तिनंच घातला. मला वाटलं, तू बघितल्याबरुबर वळखशील. आपली पोर डावरी हाय, ह्ये तुला म्हाईत असाया पायजे हुतं की!

सोबत तिची चिठ्ठी हाय.

ईरम्मा


(याच पाकिटात)

आई,

अक्षर वाकडे आहे, कारण उजव्या हाताने लिहिते आहे. पहिलीत तू ज्याच्याकडून गिरवून घेतलेस, तोच हात. कधीतरी उपयोगी पडेल, असे तू म्हणायचीस. पडला.

मावशीला तुझे शब्द जड जातात, म्हणून तुझी पत्रे तिला मीच वाचून दाखवत होते. सगळी. मोतीबिंदूचे वाचले, तेव्हा आम्ही दोघी इतक्या हसलो, की शेळी बुजली.

हात फार दुखतो. हे मावशीला सांगितलेले नाही.

काम सोड, असे लिहू नकोस. माळ पुन्हा पेटेल आणि मी जाईन.

रिबीन निळी होती.

महेश्वरी


सोलापूर,
५ मे

चि. महेश्वरीस,

तुझी चिठ्ठी २५ तारखेला मिळाली. त्याच दिवशी पीरसाबच्या टेम्पोत बसून यावे, असे वाटले. पायांत चपलाही घातल्या होत्या. मग जिन्यातून परत फिरले. रिकाम्या हातांनी तुझ्यासमोर उभे राहण्याचे धैर्य मला झाले नाही. भ्याडपणा तो भ्याडपणाच. त्याला दुसरा शब्द शोधत नाही.

शेजारणीने फोनची किल्ली आपणहून आणून दिली. मी ती घेतली नाही. नकाशावर मला जे शोधायचे होते, ते टेबलाच्या खणात होते. मी तुझे दोन्ही गुंडे बाहेर काढले आणि सूत बोटांमध्ये धरून पाहिले. एकसारखे, बारीक, कोठेही गाठ नाही. आयुष्यभर मी तंतू पाहूनच मते दिली आणि या सुताला मी प्रमाद म्हटले. चूक नमुन्यात नव्हती. तपासणारीने हात पाहिला नव्हता.

तुझ्या सुताला माझ्या सुताबरोबर पिळता येत नव्हते. तुझे सूत बदलणे आता शक्य नव्हते, आणि योग्यही नव्हते. म्हणून मी माझे बदलले. २६ एप्रिलपासून मी टकळी डाव्या हातात धरते. पहिल्या दिवशी ती पायावर पडली. दुसऱ्या दिवशी सूत सुतळीसारखे आले. आपला हात आपलेच ऐकत नाही, म्हणजे काय, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळले. तुला सहाव्या वर्षी कळले असेल. सहा वर्षांच्या मुलीचा हात मी बांधला होता, कारण चारचौघांत तो डावा दिसू नये. याबद्दल मी तुझी क्षमा मागते. हे वाक्य मी किती वेळा लिहून खोडले, ते सांगत नाही. अखेरीस ते आहे तसेच राहू दिले.

पाचव्या दिवशी दुपारी सूत वाहू लागले. माझे पदर जाडेभरडे, ठिकठिकाणी फुगलेले, तुझे रेखीव. दोन्ही एकत्र धरून उजवीकडे पिळले आणि, महेश्वरी, त्यांनी एकमेकांना धरले. ना कोठे गाठ, ना कोठे ढील. मी हात सोडले, तरी सूत स्थिर लोंबत राहिले. किती वेळ पाहत बसले, कोण जाणे. खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा रंग गवताचा होता.

डावा हातमोजा त्याच सुताचा विणला आहे, एका बोटाइतका सैल, म्हणजे मलमपट्टीवरूनही चढेल. अंगठा दोन टाके बाहेर गेला आहे. उसवलेला नाही. उजवा अर्धा झाला आहे आणि तुझे सूत संपले आहे.

काम सोड, असे मी लिहिणार नाही. हंगामाचे तीन-चार आठवडे उरले आहेत आणि मला घरी दुसरे काही काम नाही. परवा सकाळी पीरसाबच्या टेम्पोने निघते. या वेळी त्याला चहा दिला; त्याने दोन कप घेतले आणि म्हणाला, “बाईसाब, अब तुम्हारे हाथ कू बी मेंढी की बास आती.” ईरम्माला सांग, चाळीस कोकरांची लोकर मी पाहणार आहे आणि धुण्याबद्दल माझे मत अजून बदललेले नाही.

उजव्या मोज्यासाठी नवे सूत लागेल. तुझा हात बरा होईपर्यंत गिरकी मी देईन, तू शेजारी बसून पेळू धर. टकळी कोणत्या बाजूला फिरवायची, ते तू सांग.

आई